अक्षरावाचून न अडणारे खेळ

लहान मुलांना अक्षरे आणि सुरुवातीचे वाचन खेळातून शिकवावे की नाही, या प्रश्नावर बोलणारी माणसे बहुधा दोन गटांत उभी राहतात, आणि दोन्ही गट समोरच्याच्या म्हणण्याचे व्यंगचित्र काढून त्या चित्राशीच भांडत बसतात. एका गटाच्या मते पाटीवर गिरवणे, वर्णमाला घोकणे आणि बाराखडी म्हणणे हा बालपणावरचा अत्याचार आहे, आणि रंगीत पत्ते, उड्या, गाणी आणली की वाचन आपोआप येईल. दुसऱ्या गटाच्या मते हे सगळे लाड आहेत; पिढ्यान्‌पिढ्या गिरवूनच लिहा-वाचायला शिकल्या, तेव्हा खेळात दवडलेला वेळ वाया गेलेला वेळ समजावा. गंमत अशी, की दोघांनीही ‘खेळ’ ही एकजिनसी वस्तू मानली आहे. तो असला की चांगले किंवा तो असला की वाईट, एवढाच काय तो फरक. माझे म्हणणे वेगळे आहे. खेळ हवेतच, आणि आज असतात त्याहून जास्त हवेत. परंतु ज्या खेळात अक्षर ओळखल्यावाचून मुलाचे काहीच अडत नाही, तो खेळ कितीही रंगला तरी वाचनाच्या खात्यात जमा होत नाही. ‘अक्षरांचा खेळ’ म्हणून जे आज मुलांपुढे ठेवले जाते, त्यातले बरेचसे या कसोटीला उतरत नाही. त्याच्या अपयशाचे खापर मात्र खेळ या कल्पनेवरच फुटते.

जोड्या लावण्याचा परिचित खेळ घ्या. प्रत्येक अक्षराची दोन कार्डे असतात, ती सगळी पालथी मांडायची, एका वेळी दोन उलटायची, सारखी निघाली तर जोडी आपली. चार-पाच वर्षांची मुले हा खेळ विलक्षण तन्मयतेने खेळतात आणि मोठ्यांना सहज हरवतात. पण जिंकणाऱ्या मुलाने नेमके काय केले? डाव्या कोपऱ्यातले कार्ड आणि मधल्या ओळीतले कार्ड यांवरच्या आकृत्या सारख्या आहेत, एवढे त्याने लक्षात ठेवले. त्या आकृतीला ‘घ’ म्हणतात की ‘ध’, ती कोणत्या आवाजाची खूण आहे, किंबहुना ती आवाजाची खूण आहे की नुसती नक्षी, हे त्याला ठाऊक असण्याची काहीही गरज पडली नाही. अक्षरांच्या जागी अनोळखी चिन्हे छापली असती तरी तेच मूल तितक्याच सहजतेने जिंकले असते. आता याच कार्डांत एक बदल करा. जोडीतल्या एका कार्डावर अक्षर आणि दुसऱ्यावर चित्र ठेवा, म्हणजे ‘म’ची जोडी मासा किंवा मांजर यांच्याशी लागेल. शिवाय नियम असा करा, की जोडी उचलताना त्याच आवाजाने सुरू होणारा आणखी एक शब्द सांगितला तरच ती आपली. कार्डे तीच आणि चुरसही तीच. पण आता आकृती, आवाज आणि शब्द यांची गाठ मारल्याशिवाय मूल पुढे सरकू शकत नाही. ‘म’ उचलून ‘भाकरी’ म्हणणारे मूल कुठे अडते आहे, हे शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला तत्काळ कळते, हा वरचा फायदा.

जमिनीवर खडूने अक्षरे काढून, पुकारलेल्या अक्षरावर उडी मारायला लावण्याचा खेळही असाच बारकाईने पाहण्यासारखा आहे. लांबून तो फार सुंदर दिसतो; आठ-दहा मुले उड्या मारत आहेत, हसत आहेत, आणि सगळी बरोबर अक्षरावर पोहोचत आहेत. जवळ जाऊन त्यांच्या पायांकडे न पाहता डोळ्यांकडे पाहिले की वेगळे दिसते. एक मुलगी अक्षर पुकारले जाताच सरळ जमिनीकडे बघते. बाकीची तिच्याकडे बघतात आणि अर्ध्या पावलाच्या अंतराने तिच्यामागे जातात. वाचन एकीचे चालले आहे. इतरांचा चालला आहे तो अनुकरणाचा सराव, ज्यात मुले आधीच पारंगत असतात. हा दोष उडीचा नाही, एकाच अक्षरावर सर्वांना एकदम धाडण्याचा आहे. प्रत्येकाच्या हातात वेगळी चिठ्ठी दिली आणि ज्याने त्याने आपापले अक्षर शोधायचे ठरवले, की दुसऱ्याच्या पावलांवर पाऊल ठेवण्याची सोयच उरत नाही.

हे केवळ निरीक्षणाने सुचलेले तर्कट नव्हे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या वादात वारंवार सांगितला जायला हवा, कारण त्याची रचनाच आपल्या प्रश्नावर नेमके बोट ठेवते. शब्दांतले आवाज ओळखण्यात मागे असलेली ६५ मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाने चित्रे त्यांच्या नावांतल्या समान आवाजांनुसार निवडायची होती. दुसऱ्याने तेच करताना त्या आवाजांसाठी प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळायची होती. तिसऱ्या गटाला चित्रे तीच मिळाली, पण ती अर्थानुसार लावायची होती, म्हणजे प्राणी एकीकडे, वस्तू दुसरीकडे. चौथ्या गटाला कोणतेही खास शिक्षण नव्हते. दोन वर्षांत पसरलेल्या ४० बैठकांनंतर वाचनात सर्वांत पुढे गेला तो आवाज आणि अक्षरे दोन्ही हाताळणारा गट. तिसऱ्या गटाचे मला विशेष महत्त्व वाटते. चित्रे, बैठका आणि शिकवणाऱ्या व्यक्तीने दिलेला वेळ हे सर्व त्या मुलांनाही मिळाले होते. फक्त त्यांना विचारलेला प्रश्न निराळा होता. साहित्य आणि आनंद सारखा असूनही फळ वेगळे मिळते, मग ‘खेळ विरुद्ध अभ्यास’ अशी विभागणी करून आपण नेमके काय मोजतो आहोत?

खेळातून अक्षरे शिकवणे हे आधुनिक फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या क्विंटिलियनने लहान मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरे द्यावीत, असे लिहून ठेवले आहे. त्याच ठिकाणी त्याने एक तक्रारही केली आहे, आणि ती आजही जशीच्या तशी लागू पडते. मुलांना अक्षरांचे आकार दाखवण्याआधी त्यांची नावे क्रमाने पाठ करवून घेतली, तर मुले आकाराकडे पाहतच नाहीत. जीभ पाठांतराच्या बळावर डोळ्यांच्या पुढे धावते. पुढे चौथ्या-पाचव्या शतकाच्या सांध्यावर संत जेरोमने आपल्या परिचयातल्या एका आईला मुलीच्या शिक्षणाविषयी पत्र लिहिले. लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून मुलीला खेळायला द्यावीत, हे सांगून तो थांबला नाही. क्रम वारंवार मोडावा, शेवटची अक्षरे मधल्यांत मिसळावीत, म्हणजे तिला ती नुसती ऐकून नव्हे तर पाहूनही ओळखता येतील, अशी पुस्तीही त्याने जोडली. वर्णमालेचा तक्ता भिंतीवर लावून छडीने एकेक अक्षर दाखवत सगळ्या वर्गाकडून ते म्हणवून घेणाऱ्या आजच्या शिक्षकाला हे पत्र वाचून दाखवायला हरकत नाही. ‘क, ख, ग, घ’ एका सुरात म्हणणारा वर्ग वाचत नसतो, गात असतो. गाण्याला माझा विरोध नाही. ते वाचन म्हणून मोजण्याला आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९३ मध्ये याच परंपरेत भर घातली. त्याच्या ओळखीच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने एका फाशाच्या सहा बाजूंवर इंग्रजी स्वर आणि आणखी तीन फाशांवर उरलेली व्यंजने चिकटवली होती. एका फेकीत जो जास्तीत जास्त शब्द जुळवील, तो जिंकला. त्या गृहस्थाचा थोरला मुलगा अगदी लहान वयात, कुणी रागावल्याशिवाय, खेळता खेळता शब्द जुळवायला शिकला, असे लॉक सांगतो. हा खेळ अक्षरांवर किती घट्ट बसवला आहे, ते पाहण्यासारखे आहे. शब्द झाला नाही तर गुण नाही, आणि शब्द होण्यासाठी आवाज जोडावेच लागतात. नशीब फाशात आहे, पण जिंकणे वाचण्यात आहे.

याउलट दुसरी एक परंपराही तितकीच जुनी आहे आणि तिला चुकून खेळाच्या खात्यात टाकले जाते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला कवी होरेस मुलांनी पहिली अक्षरे शिकावीत म्हणून त्यांना खाऊ देणाऱ्या लाघवी गुरुजींचा ओझरता उल्लेख करतो. आजचे गुरुजी खाऊऐवजी तारे, बिल्ले आणि पडद्यावर फुटणारे फटाके देतात. कंटाळवाणे काम तसेच ठेवून त्याच्या शेवटी बक्षीस टांगणे याला खेळ म्हणता येत नाही. ही मजुरी आहे, आणि तिचा परिणाम कधी कधी उलटा होतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये ज्यांना मुळातच चित्रे काढायला आवडत होती अशा बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल, असे आधी सांगितलेली मुले पुढे आपल्या मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली; ज्यांना बक्षिसाची कल्पना नव्हती किंवा बक्षीसच नव्हते, त्यांची आवड टिकून राहिली. अक्षरांच्या बाबतीत धोका उघड आहे. ताऱ्यासाठी वाचणारे मूल तारे बंद झाल्यावर कशासाठी वाचणार?

आता पाटीवाल्यांचे म्हणणे त्यांच्या सर्वांत भक्कम स्वरूपात मांडले पाहिजे, कारण ते सहसा दुबळ्या स्वरूपात मांडून खोडले जाते. त्यांचा पहिला मुद्दा सरावाचा, आणि तो खरा आहे. अक्षर क्षणात ओळखता यावे इतके अंगवळणी पडायला ते पुन्हा पुन्हा भेटावे लागते. प्रत्येक अक्षरापाशी थबकणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जाते. दुसरा मुद्दा हाताने लिहिण्याचा, आणि तोही खरा आहे. फ्रान्समध्ये लाँकां आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या २००५ सालच्या अभ्यासात, अक्षरे कळफलकावर दाबून शिकलेल्या मुलांपेक्षा हाताने लिहून शिकलेल्या मुलांना, विशेषतः त्यांतल्या मोठ्या वयाच्या मुलांना, ती अधिक चांगली ओळखता आली. आकार हातातून गेला की तो डोळ्यांनाही पक्का होतो. तिसरा मुद्दा असा, की कोणत्या खुणेचा कोणता आवाज हे मूल स्वतःच्या बुद्धीने शोधून काढू शकत नाही. पान झाडावरून खाली का पडते हे निरीक्षणाने कळू शकेल, पण या वळणाला ‘ग’ म्हणायचे हा माणसांनी आपापसांत केलेला ठराव आहे आणि तो कुणीतरी सांगावाच लागतो. चौथा मुद्दा कुणी फारसा मांडत नाही, पण माझ्या मते तो सगळ्यांत वजनदार आहे: खेळात प्रत्येक मुलाच्या वाट्याला फार थोडे येते. तीस मुले रांगेत उभी करून एकेकाला पुढे बोलावणारा खेळ पंधरा मिनिटे चालला, तर प्रत्येक मूल अर्धा मिनिट खेळते आणि साडेचौदा मिनिटे उभे राहते. तेवढ्याच वेळात तीस पाट्यांवर तीस मुलांनी प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा अक्षर काढले असते. असा हिशेब मांडला, की खेळाचा पुरस्कार करणारा माणूस गप्प होतो, आणि त्याने थोडा वेळ गप्प व्हावेच.

पण या चारही मुद्द्यांमधून गिरवण्याची बाजू सिद्ध होते का? सराव हवा, हे मान्य केल्यावर उरतो तो प्रश्न असा, की पाच वर्षांचे मूल एखादी गोष्ट शंभर वेळा आपणहून कधी करते? तेच मूल पाटीवर दहावा ‘क’ काढताना कंटाळून त्याची शेपटी विसरते आणि चिठ्ठ्यांच्या डावात मात्र ‘आणखी एकदा’ म्हणत तो ‘क’ चाळीस वेळा शोधते. पाटीवरच्या वीस-पंचवीस अक्षरांचेही बारकाईने पाहिले पाहिजे. पहिले दोन-तीन मूल फळ्याकडे बघून काढते, पुढचे आपल्याच वरच्या ओळीकडे बघून. त्यामुळे चूक झाली तर तीच चूक खालपर्यंत उतरत जाते, आणि त्या सगळ्या वेळात अक्षराचा आवाज एकदाही मनात उमटलेला नसू शकतो. म्हणजे जोड्या लावण्याच्या खेळाला लावलेला आरोप गिरवण्यालाही तंतोतंत लागतो. तिथेही आवाजावाचून अडत नाही. हाताचा उपयोग करायचा तर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या आपल्या बालगृहातून सुरू केलेल्या कामातली खरखरीत कागदाची अक्षरे अधिक शहाणपणाची आहेत. मूल बोटाने वळण गिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करते. दोन्ही कृती एकमेकींना बांधलेल्या आहेत. ठराव सांगावा लागतो हेही मान्य, पण तो सांगायला दोन मिनिटे पुरतात आणि पचायला दोन आठवडे लागतात. खेळाची जागा त्या दोन आठवड्यांत आहे. राहिला वाट्याचा मुद्दा. त्याचे उत्तर रांगा मोडण्यात आहे. जोडी-जोडीने किंवा तिघा-तिघांत खेळले जाणारे, सगळ्या वर्गात एकाच वेळी चालणारे खेळ निवडले, तर प्रत्येक मुलाची पाळी काही सेकंदांत पुन्हा येते. वर्गात गलका होतो खरा. तो सोसण्याची तयारी नसेल तर खेळाच्या नावाने रांगा लावण्यापेक्षा पाटी बरी, हे मी पाटीवाल्यांना देऊन टाकतो.

देवनागरीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि इंग्रजी वर्णमालेसाठी तयार झालेल्या खेळांची नुसती अक्षरे बदलून तो सुटत नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला २६ अक्षरांच्या लहान-मोठ्या आकृत्या ओळखायच्या असतात, आणि त्याची खरी कसोटी पुढे, त्यांच्या लहरी उच्चारांपाशी लागते. मराठीत उच्चार बहुतांशी सरळ आहेत, पण खुणांचा पसारा मोठा आहे. ३४ व्यंजनांना बाराखडीचे बारा स्वर लावले तरी ४०८ रूपे होतात, आणि जोडाक्षरे अजून दाराबाहेरच उभी आहेत. कन्नड लिपीही याच घडणीची आहे. तीत वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला, तेव्हा अक्षरज्ञान पक्के होण्याचे काम चौथीच्या वर्गापर्यंत चालूच असल्याचे त्यांना आढळले. अक्षरओळख हा बालवाडीत उरकून टाकायचा विषय आहे, असे मानून आखलेले सगळे खेळ म्हणूनच ‘क’ ते ‘ज्ञ’ एवढ्यावर संपतात आणि मूल जिथे खरोखर अडखळते तिथे त्याला एकटे सोडतात. ‘कि’ वाचताना वेलांटी डोळ्यांना आधी भेटते, पण उच्चारात नंतर येते. ‘सूर्य’मधला रफार डोक्यावर ‘य’च्या असतो, पण म्हणावा लागतो त्याच्या आधी. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक एवढासा, आणि ‘ख’ हे एक अक्षर आहे की ‘र’ आणि ‘व’ शेजारी बसले आहेत, हा संभ्रम तर निरागस म्हणावा असा. खेळ हवेत ते या जागांवर.

मात्रांचा एक खेळ या दृष्टीने मला फार उपयोगी वाटतो, आणि त्याला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांपलीकडे काही लागत नाही. एका पट्टीवर पाच-सहा व्यंजने एकाखाली एक लिहायची. दुसऱ्या पट्टीला मधोमध खिडकी कापून तिच्या कडेला काना किंवा दुसरी वेलांटी काढायची. खिडकी खाली सरकवली की ‘का, मा, ला, ना’ असे वाचत जायचे, आणि आपल्याला येणाऱ्या शब्दातले रूप दिसले की ओरडायचे. मूल इथे एकेक रूप पाठ करत नाही. काना हीच एक वस्तू आहे आणि ती ज्याच्या शेजारी बसेल त्याचा आवाज सारख्याच पद्धतीने बदलते, हा नियम ते बोटांनी हलवून पाहत असते. ४०८ रूपांचे ओझे त्या नियमाने काही डझन खुणांवर येते. बाराखडी सुरात म्हणून घेण्यातही हाच नियम दडलेला आहे, पण तिथे तो मुलाने शोधायचा असतो आणि बहुतेक मुलांना त्या सुरात तो सापडत नाही. ‘क’ची बाराखडी तोंडपाठ असलेले मूल ‘कू’ दाखवल्यावर मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात करून तिथवर येते, हे कोणत्याही पहिलीच्या शिक्षकाने पाहिलेले असते.

अक्षरांच्याही आधी येणारे खेळ आवाजांचे आहेत, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहेत. कदाचित ते विकता येत नाहीत म्हणून. ज्याला ‘मासा’ आणि ‘मांजर’ एकाच आवाजाने सुरू होतात हे कानाने जाणवत नाही, त्याला ‘म’ ही खूण कशाची, हे कसे कळावे? नावांच्या भेंड्या लावताना मुले शब्दाचे शेवटचे अक्षर सोडवून घेतात आणि त्यावरून नवा शब्द काढतात; ‘च’ची भाषा बोलताना पहिले अक्षर उचलून शेवटी नेतात, पुढे ‘च’ बसवतात, आणि ‘मला’चे ‘चलाम’ करतात. शब्द हा तुकड्यांचा बनलेला असतो, तुकडे काढता, हलवता, बदलता येतात, हे ज्ञान वाचनाच्या मुळाशी आहे, आणि मुले ते कुणी न शिकवता गुपिते सांगण्यासाठी वापरतात. वाचनपूर्व तयारीच्या नावाखाली ठिपके जोडण्याच्या आणि चित्रे रंगवण्याच्या वह्या भरण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आवाजांच्या अशा सरावाचा चांगला परिणाम एकूण ५ ते १८ तासांच्या शिक्षणात दिसून आला होता, आणि सोबत अक्षरे दाखवली तर तो अधिक होता. दिवसाला दहा मिनिटे धरली तर एवढा वेळ काही महिन्यांत सहज भरतो.

आता खेळाच्या बाजूच्या गटाकडे. त्यांच्यातले जहाल म्हणतात, की अक्षरांचे खेळ ही खेळाचीच फसवणूक आहे. मुलाला मोकळे खेळू द्या, वाचन सात वर्षांनंतर येईल. या म्हणण्यालाही वजन आहे. १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘बालोद्यान’ अशा अर्थाचे नाव देणाऱ्या फ्रीड्रिख फ्रोबेलच्या साहित्यात चेंडू, ठोकळे आणि गोल होते, अक्षरे नव्हती. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि तिथली मुले पुढे मागे पडत नाहीत. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना केली, तर अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे येत नाहीत म्हणून हवालदिल होणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे. त्या घाईत काहीही हाती लागत नाही. पण फिनिश भाषेत खूण आणि आवाज यांचे नाते जवळजवळ एकास एक आहे, खुणा थोड्या आहेत, आणि तिथली कित्येक मुले शाळेत येण्याआधीच घरी वाचू लागलेली असतात. ‘वेळ आली की येईल’ हे वाक्य मी बहुतेक वेळा अशाच घरांतून ऐकले आहे, जिथे कपाटात पुस्तके आहेत, रात्री गोष्ट वाचून दाखवणारे कुणी आहे आणि ज्यांची मुले पाट्या-फलक वाचत मोठी होतात. त्या घरात वेळ खरोखरच येते, कारण वेळेला बोलावणारी माणसे तिथे आहेत. ज्या घरात छापलेला कागद फक्त सामान गुंडाळून येतो, तिथल्या मुलाला ‘वेळ येईल’ म्हणून सोडणे हा उदारपणा कुणाच्या जिवावर चालला आहे?

साहित्याच्या बाजारपेठेविषयी थोडक्यात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, उघडझाप करायच्या आणि ओढायच्या करामती असलेले अक्षरांचे पुस्तक हाताळणाऱ्या लहान मुलांनी साध्या पुस्तकाच्या मानाने कमी अक्षरे शिकल्याचे दिसले. लक्ष करामतीत गेले. पडद्यावरचे पुष्कळसे खेळ याच जातीचे आहेत, आणि त्यांत मूल जिथे-तिथे बोट मारत बसले तरी शेवटी बरोबर ठिकाणी लागतेच व बक्षीसही मिळते. महागडे साहित्य ही अट कधीच नव्हती. ताराबाई मोडक यांनी आदिवासी मुलांबरोबर काम करताना शंख, शिंपले, बिया, पाने यांतून बालशिक्षण उभे केले, ते काही नाइलाजाने केलेली तडजोड म्हणून नव्हे. मुलाच्या हाताला जे सहज लागते त्यावरच त्याचे लक्ष टिकते, हे त्यांना कळले होते.

स्पर्धेविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण खेळाच्या बाजूच्या लोकांची ही सर्वांत मोठी आंधळी जागा आहे. चुकला तो बाद, अशा नियमाचे खेळ वर्गात सर्रास चालतात. त्यांत पहिल्या फेरीत बाद होते ते ज्याला अक्षरे सर्वांत कमी येतात ते मूल, आणि शेवटपर्यंत खेळत राहते ते ज्याला सरावाची सर्वांत कमी गरज आहे. पंधरा मिनिटांच्या खेळात ज्याला दहा संधी हव्या होत्या त्याला एक मिळाली, आणि ज्याला एकही नको होती त्याला दहा. वर आपण कच्चे आहोत हे त्याने आणि बाकी सर्वांनी पाहिले. वर्षभर असे चालले तर मागे पडलेले मूल आणखी मागे जाते, आणि हे सगळे आनंददायी शिक्षण म्हणून. पाटीवर निदान सगळ्यांना सारखी अक्षरे काढावी लागत होती. नियम उलटा करायला काय हरकत आहे? चुकला त्याला आणखी एक पाळी, किंवा सगळ्यांनी मिळून ठरावीक वेळात चिठ्ठ्यांचा ढीग संपवायचा, म्हणजे पुढे असलेले मूल मागच्याला सांगून मोकळे न होता त्याला वाचू देण्याची वाट पाहील, अशी योजना करता येते. स्पर्धेची चव थोडी कमी होईल, इतकेच.

खेळ अक्षरावर अडतो की नाही हे तपासण्याचा एक सोपा आणि मुलांना भलताच आवडणारा मार्ग आहे, तो म्हणजे निरर्थक शब्दांचा. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची जी वाचनचाचणी होते, तीत ४० पैकी २० शब्द बनावट असतात, आणि ते एका विचित्र प्राण्याचे नाव म्हणून दाखवले जातात. त्या चाचणीवर आक्षेप आहेत. सगळ्या वर्गाला एका तारखेला तोलण्याची हौस मलाही मान्य नाही. पण कल्पना उचलण्यासारखी आहे. एका विचित्र प्राण्याचे चित्र काढा आणि त्याच्याखाली ‘टिमूगी’ लिहा. चित्रावरून हा शब्द ओळखता येत नाही, तो पाठ असण्याची शक्यता नाही, शेजाऱ्यालाही तो ठाऊक नाही. तो वाचावाच लागतो, आणि वाचल्यावर मुले खिदळतात. पुढच्या दिवशी तीच मुले स्वतःचे प्राणी काढून त्यांची नावे लिहून आणतात, एकमेकांना वाचायला लावतात आणि ‘टिमूगी’ की ‘टिमुगी’ यावर तावातावाने भांडतात. ऱ्हस्व-दीर्घाचे एवढे प्रामाणिक भांडण मोठ्यांच्या वर्गातही क्वचितच ऐकू येते. त्यानंतरची पायरी म्हणजे वर्गात लपवलेल्या सूचना: ‘खिडकीखाली बघ’, ‘निळी पेटी उघड’. इथे मूल अक्षरांशी खेळत नाही, कुठेतरी पोहोचण्यासाठी वाचते, आणि वाक्य समजले नाही तर चुकीची पेटी उघडते. अशा सूचना वाचू लागलेल्या मुलाला कार्डे आणि पट्ट्या बाळबोध वाटू लागतात. तेव्हा त्या गोळा करून पुढच्या वर्षाच्या मुलांसाठी कपाटात ठेवाव्यात आणि त्याच्या हातात गोष्ट द्यावी.